ओट्यावरचे विरजण

त्या प्रदेशात रोज पहाटे आकाशातून दूध पडे आणि दुपार कलायच्या आत ते नासून जाई.

तिथे राहणारी सगळी भांडी मातीची होती. पहाटे ती उघड्यावर येऊन तोंड वर करून बसत आणि दूध भरून घेत. तेवढा वेळ आनंदाचा असे. मग ऊन चढे, दूध फाटे, पिवळट पाणी वर येई आणि संध्याकाळी जो तो मान खाली घालून ओढ्यापलीकडच्या खड्ड्यात स्वतःला रिते करून येई. खड्ड्याचा आंबूस वास साऱ्या प्रदेशावर पसरलेला असे, पण तो आता कुणाला जाणवत नसे. दूध नासायचेच, असे मोठी भांडी लहानांना शिकवत. लहान भांडी मोठी झाली की तेच पुढे शिकवत.

फार पूर्वी तिथे बाहेरून एक घडा आला होता. दिसायला साधा, रंग नाही, नक्षी नाही. त्याच्यातले दूध नासत नसे. ते घट्ट आणि शुभ्र होई. जो मागेल त्याला तो आपल्यातले थोडे देई आणि सांगे, "हे दुधात घाला आणि सावलीत स्वस्थ बसा." ज्यांनी ऐकले त्यांचे दही लागले. पण खड्ड्याची राखण हेच ज्यांचे मानाचे काम होते, त्यांना ते खपले नाही. त्यांनी घड्याला भर बाजारात एका दगडावर आपटले. त्याच्या ठिकऱ्या झाल्या. त्यानंतरच्या एका पहाटे त्याच दगडाच्या खळग्यात दूध पडले आणि कुणी काही न घालता ते संध्याकाळी लागलेले दिसले. जाण्यापूर्वी घडा सांगून गेला होता, "एकमेकांना देत राहा. मी येईन."

पुढे त्या दगडाभोवती ओटा बांधला गेला, ओट्यावर छप्पर आले आणि एक रीत पडली. रोज सकाळी ओट्यावरच्या प्रत्येकाने आपल्यातले कालचे थोडे दही मधल्या परळात घालायचे. परळ म्हणजे पसरट मातीची ताटली. सगळ्यांचे त्यात एकत्र कालवले जाई आणि त्यातूनच प्रत्येकाला पळीभर विरजण मिळे. स्वतःचे विरजण स्वतःला कुणी लावायचे नाही. मग सगळ्यांनी ऊन उतरेपर्यंत न बोलता, न हलता बसायचे. हललेले दूध लागत नाही.

बुडकुली या ओट्यावरची सर्वांत लहान. ती इतकी लहान होती की दोन ओंजळी दूध घेतले की भरून जाई. ती मागच्या खांबाला टेकून बसे. कुणी काही विचारले तर उत्तर तिच्या तोंडाशी येई आणि तिथेच थांबे, तोपर्यंत विचारणारा पुढे गेलेला असे. बोलणे कमी असल्यामुळे तिचे पाहणे फार होते.

तिला पहिले विरजण रांजणबाबांनी घातले होते. रांजणबाबा ओट्याच्या वरच्या टोकाला, अर्धे जमिनीत पुरलेले, डोक्यावर झाकण घेऊन बसलेले असत. ते इतके मोठे होते की त्यांच्यापुढे सगळी भांडी पोरे वाटत. विरजणाची पळी त्यांच्याकडे असे. सकाळचे दूध मात्र ते घेत नसत. "लहानांना मिळू द्या, माझ्यातले जुने अजून संपायचे आहे," असे ते म्हणत, आणि त्यांच्या या त्यागाबद्दल सगळा ओटा हळू आवाजात बोले.

पहिल्या दिवशी पळी तिच्यात रिकामी झाली तेव्हा बुडकुलीला काहीच कळले नाही. मग सगळे गप्प झाले. दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, तिला आपल्या आत काहीतरी धरू लागल्यासारखे वाटले. ते कुठून येते आहे हे दिसत नव्हते. आपण काही करत नाही आहोत आणि तरी आपले सांडणे थांबते आहे, एवढे तिला समजले. त्यानंतर ती एक दिवसही ओटा चुकली नाही.

पण डोळे उघडे होतेच. चुंबळींवरून होणारी भांडणे तिला दिसत. गोल बुडाच्या भांड्याला टेकायला कापडाची चुंबळ लागते. ओट्यावर सगळ्यांना पुरतील इतक्या चुंबळी होत्या, पण वरच्या टोकाजवळच्या चुंबळींवर बसायला सकाळी ढकलाढकली होई. घड्याच्या आठवणीचा दिवस जवळ आला की भांडी आतून धुण्याआधी बाहेरून गेरू लावून घेत. आणि परळात कुणी किती घातले याकडे घागरमावशीचा एक डोळा कायम असे.

घागरमावशी ओट्याचे सगळे काम बघे. झाडणे, चुंबळी वळणे, परळ घासणे, सगळे तीच. ती मनाने वाईट नव्हती. पण आपण आहोत म्हणून हा ओटा आहे, असे तिला वाटे, आणि ते तिच्या चालण्यातही दिसे.

एका सकाळी ओट्याच्या पायरीशी तवली आली. तवली म्हणजे चुलीवरचे पसरट भांडे. ती बुडापासून काठापर्यंत काजळीने काळी होती आणि तिच्या कडेला केसासारखी बारीक चीर गेली होती.

"काय गं, इकडे कुठे?" घागरमावशीने विचारले.

"ऐकलं, इथं दूध टिकतं. म्हटलं, थोडं मिळतं का बघावं."

"अशी येतेस? आधी स्वच्छ घासून तरी ये."

"घासलं तर फुटेन, मावशी. काजळीनंच धरून ठेवलंय मला."

दोन-तीन भांडी हसली. घागरमावशी हसली नाही. "आणि ही चीर? गळक्यात घातलेलं जाणार कुठं? पायरीवर. मग पायरी कोण पुसणार?"

तवलीने रांजणबाबांकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. रांजणबाबांनी आधी तिच्या चिरेकडे पाहिले. मग म्हणाले, "उद्या बघू."

"बरं," तवली म्हणाली. "उद्या माझी चीर बुजलेली असेल." आणि ती खडखडत निघून गेली.

माझ्यातले निम्मे तिला द्या, असे बुडकुलीच्या तोंडाशी आले होते. तिथेच थांबले. त्या दुपारी तिला स्वस्थ बसवले नाही.

पुढच्या आठवड्यात आठवणीचा दिवस होता. त्यासाठी ओट्याची झाडलोट सुरू झाली. रांजणबाबांच्या खांद्यावरची धूळ पुसायला वर चढेल असे हलके कुणी हवे होते, म्हणून घागरमावशीने बुडकुलीला वर पाठवले. पुसता पुसता झाकणाला धक्का लागला आणि ते बोटभर सरकले. बुडकुलीने आत पाहिले.

आत पांढरे होते. पण दही ओलसर दिसते आणि त्याला वास असतो. हे कोरडे होते. त्याला भेगा पडल्या होत्या. वास आला तो भिंतींना लावायच्या चुन्याचा.

"पाहिलंस?" रांजणबाबांचा आवाज आतून, फार खालून आला. खाली बाकीची भांडी चुंबळी मोजत होती. त्यांना तो ऐकू गेला नाही.

बुडकुली काठाला धरून राहिली.

"एकदा माझं नासलं. फार वर्षं झाली. सांगायला हवं होतं, पण त्याच दिवशी काही नवी भांडी आली होती आणि ती माझ्याकडेच बघत होती. वास मारायला चुना घातला. मग दर थोड्या दिवसांनी घालत राहिलो."

"आणि विरजण?"

"ते परळातलं, बाळा. सगळ्यांचं. मी नुसतं वाढतो." आवाज आणखी खाली गेला. "कुणाला सांगू नकोस. मी रिकामा आहे असं कळलं तर इथं कोण बसेल?"

बुडकुलीने झाकण सरळ केले आणि ती खाली उतरली. त्या सकाळी विरजण घ्यायची तिची पाळी आली तेव्हा ती खांबापाशी नव्हती.

ती चुलींच्या आवारात गेली, कारण ओट्यावरचे कुणी तिथे जात नसे. तवली राखेच्या ढिगाला टेकून बसली होती. बुडकुलीने पहिल्यांदाच कुणी न विचारता सगळे सांगितले.

तवली हसत सुटली. "म्हणजे म्हाताऱ्यानं अख्ख्या ओट्याला चुना लावला म्हण की. आणि मला म्हणतो, उद्या बघू." मग तिने बुडकुलीचा चेहरा पाहिला आणि हसणे आवरले. "तुझं काय बिनसलं? तुझं तर चांगलं लागत होतं ना?"

"मला पहिलं विरजण त्यांनी घातलं."

"मग?"

"मग माझ्यात जे आहे ते खरं आहे कशावरून?"

तवलीने थोडे सरकून राखेपाशी जागा करून दिली.

बुडकुली तिथे बसली नाही. ती ओढ्यावर गेली. तिने आपल्यातले सगळे दही वाहत्या पाण्यात ओतून दिले. पांढरा पट्टा खालच्या वळणापर्यंत गेला आणि दिसेनासा झाला. मग तिने वाळू घेतली, राख घेतली आणि स्वतःला आतून घासले. कोपरा न् कोपरा घासला. माती दुखेपर्यंत घासले. रांजणबाबांचे, घागरमावशीचे, त्या हसणाऱ्या भांड्यांचे काही म्हणून आपल्यात राहू नये, असे तिला वाटत होते. शेवटी ती भट्टीतून निघालेल्या भांड्यासारखी कोरी झाली आणि तिला फार थंडी वाजली.

दुसऱ्या पहाटे ती माळावर, इतर कुणाही भांड्यासारखी, तोंड वर करून बसली. दूध पडले. तिने ते घेतले. यात घालायला आता काही नाही, दुपारी हे नासेल आणि संध्याकाळी आपणही खड्ड्याकडे चालू लागू, हे तिने मनाशी पक्के केले होते. एकदा नासले की निदान प्रश्न तरी सुटेल.

ऊन चढले तशी ती एका खडकाच्या सावलीला गेली. ती स्वस्थ बसली ती श्रद्धेने नव्हे. दुसरे काय करायचे ते तिला माहीत नव्हते. माळावरची भांडी एकेक करून कुरकुरू लागली, आंबूस वास वाढला. बुडकुलीने आत पाहायचे टाळले. घड्याबद्दल ऐकलेले सगळे तिला आठवत राहिले आणि प्रत्येक गोष्ट कुणाच्या तोंडून ऐकली तेही आठवले, आणि ते तोंड आठवले की ती गोष्ट कडू होई.

संध्याकाळी खड्ड्याकडे जाणारी रांग लागली. बुडकुली रांगेत उभी राहिली. तिची पाळी आल्यावर तिने स्वतःला उलटे केले.

काहीच पडले नाही.

मागच्या भांड्याने तिला ढकलले. "आटप की गं."

ती बाजूला झाली आणि तिने पाहिले. दही लागले होते. घट्ट, पांढरे, वाळूने ओरखडलेल्या मातीला चिकटून. तिला आनंद झाला नाही. आधी रागच आला. इतके घासूनही ते गेले नव्हते. जिथे वाळू पोचत नाही, तिथे मातीच्या आत ते कधीचे मुरून बसले होते. ती तिथेच रस्त्याच्या कडेला बसून रडली, आणि रडताना तिच्या लक्षात आले की ही भीती आणि हा राग यांच्या खाली कालची थंडी आता उरलेली नाही.

पुढच्या सकाळी ती तवलीकडे गेली आणि आपल्यातले निम्मे दही तिच्या दुधात घातले.

"गळेल हं," तवली म्हणाली.

"गळू दे."

गळलेच. दुपारभर तवलीच्या चिरेतून एकेक थेंब राखेत पडत होता आणि तवली प्रत्येक थेंबाला म्हणत होती, "हा मावशीला, हा बाबांना." मग थेंब पडायचे अंतर वाढले. मग एक थेंब चिरेच्या तोंडाशी आला, जाड झाला आणि तिथेच राहिला. तवलीने थट्टा थांबवली. संध्याकाळपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही.

आठवणीच्या दिवशी ओट्यावर काय झाले ते दोघींना चुलीवर आलेल्या एका मडक्याकडून कळले. घागरमावशीने ठरवले होते की निदान या दिवशी तरी रांजणबाबांनी दूध घ्यायचे. तिने पहाटेचे आपले सगळे दूध राखून ठेवले होते. रांजणबाबा "नको, नको" म्हणत राहिले. तिला वाटले, हा त्यांचा नेहमीचा संकोच. तिने आत न पाहता झाकण बाजूला केले आणि सगळे दूध त्यांच्यात ओतले. आतला ताजा चुना ओल लागताच उकळला. वाफ निघाली, फेस काठावरून उतू आला आणि सर्वांच्या देखत रांजणबाबा उभे तडकले. वरचा भाग खाली आला. पांढरा चिखल ओट्यावरून पायऱ्यांपर्यंत पसरला, आणि तो काय आहे हे ओळखायला कुणाला वेळ लागला नाही.

"चला, बरं झालं," मडके म्हणाले. "फार स्वस्थ बसत होते."

तवली हसेल असे बुडकुलीला वाटले होते. ती हसली नाही.

बुडकुलीला ओट्यावर जायची गरज नव्हती. तिचे दही लागत होते. माळ होता, खडकाची सावली होती, तवलीही होती. ओट्यावर तिची फसवणूक झाली होती, तवलीला विरजण मिळाले नव्हते. हे सगळे तिने स्वतःला नीट सांगितले. तरी तिला रांजणबाबांचा तो आवाज ऐकू येत राहिला, आतून, फार खालून आलेला. आणि घड्याचे 'एकमेकांना देत राहा' हे शब्द आठवत राहिले. ते सांगताना अमक्याला देऊ नका असे त्याने सांगितलेच नव्हते.

दोघी गेल्या तेव्हा ओटा निम्मा रिकामा होता. चुंबळी इकडेतिकडे पडल्या होत्या. आता त्यांच्यावर कुणी भांडत नव्हते. परळ पालथा होता. काही भांडी रांजणबाबांचे बूड उकरून खापरांच्या ढिगावर टाकायच्या तयारीत होती. एका बाजूची माती काढून झाली होती, त्यामुळे ते बूड एका अंगाला कलले होते. त्याच्यात आता बशीभर जागा उरली होती.

घागरमावशी पायरीवर बसली होती. तिचे तोंड वाळूने ओरखडलेले होते.

"ओतून दिलं सगळं," ती बुडकुलीला म्हणाली. "इतकी वर्षं मी झाडत होते ते चुन्याभोवती. घासून काढलं मी मला. काही ठेवलं नाही."

"मीही घासलं होतं, मावशी," बुडकुली म्हणाली.

घागरमावशीने तिच्यात पाहिले. आत दही होते. मग तवलीच्या चिरेकडे पाहिले आणि नजर वळवली.

बुडकुली वर गेली. ती बोलू पाहते आहे हे पाहून उकरणारी भांडी थांबली, कारण तिला बोलताना त्यांनी कधी ऐकले नव्हते. "थोडं थांबा," ती म्हणाली. या वेळी शब्द तोंडाबाहेर आले. तिने ओढ्याचे पाणी आणून त्या बुडातला चुना धुतला. फिरून आणले, फिरून धुतला. मग परळ सुलटा केला आणि तिने व तवलीने आपापले थोडे थोडे त्यात घातले.

"त्याला देणार?" पायरीवरून घागरमावशी म्हणाली. "त्याला?"

"मला त्यांच्याकडूनच मिळालं."

"माझ्यात नको, बाळा," उरलेल्या खापरातून आवाज आला. तो आता मोठा नव्हता. "वाया जाईल."

"बाबा, तुमच्यात आता मावतंय किती?" तवली म्हणाली. "वाया गेलं तरी पळीभर जाईल. घ्या गुमान."

बुडकुलीने आपल्यातले सकाळचे थोडे दूध त्या खापरात ओतले आणि वर परळातले विरजण घातले. मग परळातले थोडे तवलीने तिला दिले, तिने तवलीला दिले, आणि तिघे गप्प झाले. उकरणारी भांडी थोडा वेळ उभी राहिली. काही निघून गेली. एक-दोन, काय करावे हे न सुचल्यामुळे, छपराखाली टेकली. घागरमावशी पायरीवरच राहिली. तिचे अर्धे अंग सावलीत होते आणि अर्धे उन्हात. माळावरून आंबूस वास येत होता. आपण चूक तर केली नाही ना, हे बुडकुलीला त्या दुपारी कळले नाही.

ऊन उतरल्यावर ती उठली. ते कललेले बूड तिने आणि तवलीने दोन्ही बाजूंनी धरले आणि जोर लावून पुन्हा सरळ बसवले. घागरमावशी पायरीवरून मान लांब करून पाहत होती.

खापर सरळ झाले. आतले पांढरे मात्र खापर जसे कलले होते तसेच, तिरपे, लागलेले होते. ते खाली आले नाही. एका बाजूला काठाला भिडून आणि दुसऱ्या बाजूला खोल उतरून, ते तसेच घट्ट उभे राहिले.